वसंत पाहावा फांदीवर
(द्वितीय वर्ष, कला)

वसंतावर निबंध लिहा म्हटले की आपली लेखणी ठरावीक वाटेने चालू लागते. कोकीळ, आम्रमोहोर, मंद वारा आणि फुलांचे गालिचे! यांतला कोकीळ खरा, मोहोरही खरा. परंतु गालिचे आपण आणले कुठून? फाल्गुनात कल्याणच्या पलीकडे कुठेही उतरा. माळ तापलेला, गवत वाळलेले, शेतात नुसती ढेकळे. गालिचे आपल्याकडे अंथरले जातात ते पावसाळ्यात. कासचे पठार ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फुलते. पश्चिम घाटातील ज्या जागांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत ते आहे. तेथे जरूर जावे. परंतु “आपल्या भागात फुले बघायला आहेच काय?” हा जो प्रश्न आपल्या वर्गावर्गांतून ऐकू येतो, तो मला मान्य नाही. आपला वसंत जमिनीवर नसतो, फांदीवर असतो. खाली पाहत चालणाऱ्याला तो दिसायचा नाही.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. आमच्या खडवलीकडचा पळस मात्र तेवढा धीर धरीत नाही. माघ सरता सरताच तो पेटतो. पाऊस संपल्यावर पाणी जपण्यासाठी ही झाडे पाने गाळतात आणि उघड्या फांदीवर फुले येतात. पानांचा आडपडदा नसल्याने ती लांबून दिसतात. बुलबुल, मैना, शिंजीर आणि आपला कावळासुद्धा मधासाठी येतो व परागकण वाहून नेतो. पाहुणा पाखरू असल्यामुळे या फुलांना वास बेताचा आणि रंग मात्र भडक. पाखरू नाकाने नव्हे, डोळ्यांनी वाट काढते. पहिल्या पावसाला बी तयार हवे, म्हणून ही सारी घाई. ज्याला आपण रखरखाट म्हणतो, तोच या झाडांचा सुगीचा काळ आहे.

आता जावे कुठे? फार लांब नाही. कल्याणहून कसाऱ्याची किंवा आसनगावची लोकल धरावी आणि खिडकीशी बसावे. टिटवाळा सुटले की डोळे उघडे ठेवावेत. काळसर मखमली देठकोषातून पोपटाच्या चोचीसारखी नारिंगी फुले आली असतील तर तो पळस. काटेरी खोडाचा, फांद्यांच्या टोकांना लालभडक घोस मिरवणारा तो पांगारा. आणि जाड पाच पाकळ्यांची वाटीएवढी फुले जिच्याखाली थपथप पडतात, ती सावर. खडवलीला उतरून भातसेकाठी गेलात तर करंज भेटेल. पाण्यात मात्र उतरू नये. भातसेचे पात्र वरून शांत दिसले तरी फसवे आहे. पुढे आसनगावला माहुलीच्या पायथ्याशी कुसुंबाची तांबडी पालवी पाहावी. तिच्यापुढे फुलांनीही लाजावे! मोहाची फुले पहाटे टपटपतात, तेव्हा त्यासाठी लवकर उठावे लागेल. ठाणेकरांना येऊर जवळ आहे. एप्रिल-मेमध्ये शहरातल्या रस्त्यांवरही बहावा आणि ताम्हण फुलतात. ताम्हण हे आपले राज्यफूल. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले. त्यांना परके म्हणून हिणवू नये, पण तेवढ्यालाच वसंतही समजू नये.

एवढे सांगून थांबता आले असते. पण खरा प्रश्न पुढे आहे. ही झाडे राहणार का?

झाड तोडण्याआधी त्याचे नाव पुसले जाते, असे माझे मत आहे. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही ते “जंगली झाड” ठरते, आणि जंगली झाडासाठी कोण हरकत घेणार? १९६४ च्या महाराष्ट्रातील वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच ही झाडे नावानिशी आली. पळस, पांगारा, सावर आली नाहीत. लाकूड किंवा फळ देणाऱ्याची नोंद झाली. नुसते फुलणारे मागे राहिले. आज आमच्या बाजूला जमिनीचे प्लॉट पडत आहेत, गोदामे उभी राहत आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्ते नकोत असे मी म्हणणार नाही. रेल्वे आहे म्हणूनच माझ्यासारखी मुलगी कॉलेजात येऊ शकते. पण बांधाच्या कडेचा पळस राहू देऊनही घर बांधता येते, एवढे तरी आपण म्हणायला हवे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आई शाळेत गेलेली नाही. पण पळसाच्या पानांची पत्रावळ, त्याच्या फुलांचा रंग, उशीला भरायचा सावरीचा कापूस, वाळवून ठेवायची मोहाची फुले, हे सारे तिला पाठ आहे. बहावा फुलला की दीड महिन्याने पाऊस, हा आजीचा हिशेब. तो दरवर्षी बरोबर येतो की नाही, हे कोणी लिहून ठेवले नाही. शिक्षणाने माणसाजवळची नावे वाढायला हवीत. आपण चार इंग्रजी कवींची नावे शिकलो आणि दारातल्या चार झाडांची विसरलो, तर हा व्यवहार तोट्याचा झाला.

म्हणून माझी सूचना अशी. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी व तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. आपल्यात वासिंदचे, टिटवाळ्याचे, मुरबाडचे विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील वडीलधाऱ्यांकडून, ठाकूर-कातकरी वाड्यांतील जाणत्यांकडून फुलणाऱ्या झाडांची नावे, जागा, उपयोग आणि पहिले फूल दिसल्याची तारीख लिहून घ्यावी व नोंदवहीसाठी द्यावी. हे वनस्पतिशास्त्राचे काम, असे म्हणून कला शाखेने हात झटकू नयेत. नावे गोळा करणे हे भाषेचेच काम आहे. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. त्या राजदरबारी लोकांच्या रोजनिशींतल्या आहेत, आणि आज हवामानाचे अभ्यासक त्यांचाच आधार घेतात. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये महिन्यामहिन्याने डोळसपणे पाहून लिहिले. तेवढी प्रतिभा आपल्यापाशी नसेल. पण वही आणि पेन्सिल तर आहे?

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा परीक्षा जवळ आलेल्या असतील. तरीही एखादा रविवार काढावा. फांदी मोडू नये, फुले ओरबाडू नयेत. खाली पडलेली हवी तेवढी उचलावीत. आणि झाडाखाली कोणी म्हातारी बसलेली असेल तर तिला आधी झाडाचे नाव विचारावे.