सहा महिन्यांची मुदत : एक प्रत्युत्तर

संपादक महाशयांस,


मोटार अपघातातील जखमींच्या दाव्यांस सहा महिन्यांची मुदत न्याय्यच होय, कारण विलंबाने आलेली फिर्याद बहुधा बनावट असते, हे आपल्या निपाणीच्या पत्रलेखकांचे प्रतिपादन मान्य होण्याजोगे नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील ही मुदत संसदेने १९९४ साली काढून टाकली होती व २०१९च्या दुरुस्तीने ती १ एप्रिल २०२२पासून पुन्हा आली, हा इतिहास त्यांनी (सोयीस्करपणे म्हणावे काय?) गाळला आहे. बेळगाव जिल्ह्यातील तवंदी घाटात मांडीचे हाड मोडलेला वखारीतील हमाल, सळई घातलेला पाय घेऊन खाटेवर पडला असता, घरच्यांनी कानडी पंचनाम्याची नक्कल मिळवून तिचा अर्थ लावून घ्यावा व वकील गाठावा, तोवर सहा महिने सहज उलटतात. आणि अपंगत्व कायमचे किती, हे तर हाड जुळल्यावाचून डॉक्टरही सांगत नाहीत. उसनवारीच्या वसुलीस कायदा तीन वर्षे देतो, कामावर जखमी झालेल्या कामगारास दोन. मग रस्त्यावर पडलेल्यानेच एवढी घाई का करावी? सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२५मध्ये, या मुदतीविषयीच्या अंतिम निर्णयापर्यंत केवळ मुदतीच्या सबबीवर असे अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम हुकूम दिला आहे. तथापि त्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये. शिवाय जखमी इसम कागल-कोल्हापूरकडील रहिवासी असल्यास आपल्या राहत्या मुलखातील न्यायाधिकरणातही त्यास अर्ज करता येतो, बेळगाव जिल्ह्यातील कचेऱ्यांचे हेलपाटे त्यास अनिवार्य नाहीत.

आपला,
एक वाचक, बेळगाव