जुना सिंगल निशिगंध उपटायची एवढी घाई काहून?



सध्या आपल्याकडे एक सल्ला फुकटात मिळतोय. "जुना सिंगल निशिगंध काढा, कंद बांधावर फेका, नवीन वाण आणा." सांगणारा बहुतेक वेळा नवीन कंद विकणाराच असतो. पण आता शिकलेली मंडळीही तेच म्हणू लागली, म्हणून लिहितो.

मी नव्या वाणाचा वैरी नाही. माझ्या वावरात प्रज्वल आहे. कळी भरदार, सुट्या फुलाचं वजन चांगलं बसतं. पण प्रज्वल काय आभाळातून पडला? बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं तो शृंगार आणि मेक्सिकन सिंगल यांच्या संकरातून काढला. शृंगार कशातून आला? सिंगल आणि डबल. सुवासिनी? तेच. वैभव? त्याच्याही मागं मेक्सिकन सिंगल. म्हणजे कोणाचंही घर उघडा, आत सिंगल बसलेला आहे. ज्याच्या जिवावर वंश वाढला त्या म्हाताऱ्यालाच घराबाहेर काढता काय?

सिंगलला पाकळ्यांची एकच ओळ, पण वास भारी. अत्तराचा अर्क काढायलाही सिंगलच चालतो. आणि मुख्य गोष्ट, तो बी धरतो. डबलमध्ये बी जवळपास मिळतच नाही. कंदापासून लावलेलं प्रत्येक झाड आईची नक्कल असतं, नवीन काही निघायचं तर ते बियातूनच. त्यातही गोम अशी की सिंगलला स्वतःचाच पराग फारसा चालत नाही. एकाच कंदाच्या पिल्लांनी एकर भरला तरी ते एकच झाड समजा. दुसऱ्या रक्ताचा कंद जवळ लागतो. गावोगावचे जुने कंद फेकले आणि सगळीकडं एकाच दुकानातला माल लावला, तर बी धरायला जोडीदार आणणार कुठून?

आता कोणी म्हणेल, "भाऊ, वाण काढणं शास्त्रज्ञाचं काम. आपलं काम लावायचं." हे बुलडाणा जिल्ह्यात तरी बोलू नका. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाच्या शेडनेटमध्ये जाऊन पाहा. आपल्या मायबहिणी चिमट्यानं कळीतले पुंकेसर काढतात, दुसऱ्या झाडाचा पराग लावतात, खूण बांधतात. मिरची, टोमॅटोचं संकरित बी असंच तयार होतं. हात आपले, ऊन आपलं, पाकिटावर नाव कंपनीचं. जे दुसऱ्यासाठी रोज करतो ते स्वतःच्या दोन ओळींत जमणार नाही?

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात कलम ३९ वाचा. बियाणं राखणं, लावणं, देवाणघेवाण करणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. शेतकऱ्यानं जपलेला किंवा काढलेला वाण त्याच्या नावावर नोंदवताही येतो.

कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्राच्या साहेबांना एक विचारतो. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये नवीन वाणाशेजारी गावचा जुना सिंगल कधी लावला का? त्याच जमिनीत, तेच पाणी, तेच खत देऊन वजन केलं का? केलं असेल तर आकडे दाखवा, मी मान्य करीन. केलं नसेल तर टाकाऊ म्हणायचा अधिकार कोणी दिला? आणि बाहेरच्या कंदासोबत मुळाला गाठी करणारे सूत्रकृमी येतात, त्याचा खर्च कोणाच्या खात्यात लिहायचा?

मंडळी, नवीन लावा, खुशाल लावा. पण जुन्याची एक ओळ राखा. गावाचं नाव आणि वर्ष लिहून पाटी लावा. दुसऱ्या गावच्या सिंगलचे चार कंद शेजारी लावा. त्या ओळीतले थोडे दांडे तोडू नका, बोंड वाळू द्या. आत चपटं काळं बी मिळेल. गादीवाफ्यावर टाका, रोपांना फुलायला वेळ द्या, चांगलं वाटेल ते वेगळं काढा.

कोणाकडं आजोबांच्या वेळचा सिंगल असेल तर खाली गावाचं नाव लिहा. कंदाच्या बदल्यात कंद देतो, पैसे नकोत.