मनाच्या दुखण्याचे औषध अर्ध्यावर सोडू नये

बैलाने वैरण टाकली, तर शेतकरी त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे माणूस धाडतो. परंतु घरातील कर्ता माणूस भरल्या ताटावरून उठतो, रात्र रात्र जागतो, शेताकडे फिरकत नाही, तेव्हा ‘आळस भरला’ किंवा ‘बाहेरचे लागले’ असे म्हणून घर गप्प बसते. ही उपेक्षा घातक होय.

अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर नैराश्याची शंका घ्यावी. नापिकी व कर्ज ही त्यास निमित्त होतात. तथापि ज्याचे पीक उत्तम आले, त्यासही हा आजार होऊ शकतो. तो मनाचा दुबळेपणा नव्हे, आणि उपचाराने तो बरा होऊ शकतो.

उपचाराची सोय आता पूर्वीइतकी दुर्मिळ नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांकरिता महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. २०२२ पासून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य सल्ला मिळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे जाता येते. सौम्य आजारात केवळ समुपदेशनानेही गुण येतो. प्रत्येकास गोळ्या लागतातच असे नाही.

परंतु ज्यास गोळ्या दिल्या, त्याच्या बाबतीत खरी अडचण पुढेच उभी राहते. फ्लुऑक्सेटीन किंवा एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या औषधांचा गुण दिसू लागण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात. त्यामुळे रोगी औषध टाकून देतो. दुसरा रोगी बरे वाटताच गोळ्या कोनाड्यात ठेवून देतो. दोघेही चुकतात. बरे वाटू लागल्यावरही सामान्यतः किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. ते बंद करावयाचे झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या एकाएकी थांबविल्यास चक्कर व बेचैनी येऊ शकते.

आणखी काही पथ्ये अगत्याची आहेत. औषध चालू असता दारू वर्ज्य करावी. अंगदुखीची गोळी, विशेषतः ट्रॅमाडॉल, डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये. गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने तसे आधीच सांगावे. एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये. ॲमिट्रिप्टिलीनसारखी जुन्या प्रकारची औषधे अधिक मात्रेत हृदयास घातक ठरतात. म्हणून गोळ्या घरातील जबाबदार माणसाने आपल्याजवळ ठेवाव्यात. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतील तरुणांकडे, बारकाईने लक्ष द्यावे. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली, तर त्यास एकटे सोडू नये व विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. कीटकनाशके तर प्रत्येक घरी कुलपातच असली पाहिजेत.

गोळीने कर्ज फिटते काय, असा प्रश्न विचारला जातो. फिटत नाही, हे खरे. परंतु ज्याचे मन खचले आहे, त्यास बँकेत जाऊन मुदत मागण्याचे किंवा पीकविम्याचा अर्ज भरण्याचेही बळ उरत नाही. मन सावरले म्हणजे हात कामाला लागतात. कर्जाचा प्रश्न सोडविणे आणि आजारावर उपचार करणे ही दोन्ही कामे बरोबरीने चालली पाहिजेत.

येथेच ग्रामकार्यकर्त्याचे कर्तव्य येते. त्याने वैद्य होऊ नये; रोगाचे नाव ठरविणे वा औषध सुचविणे हे त्याचे काम नव्हे. बियाणे दिल्यावर उगवण पाहण्यास तो जसा पुन्हा शेतावर जातो, तसा त्याने औषध सुरू झालेल्या घरी दुसऱ्या व चौथ्या आठवड्यात जावे, शांतपणे ऐकून घ्यावे, गोळ्या चालू आहेत ना हे विचारावे आणि ऐकलेली गोष्ट चावडीवर नेऊ नये. एवढ्या आस्थेने एखादे घर सावरू शकेल.