घरी हेडलाईट बदलताय? आधी काच बघा, अर्थिंग बघा, बल्ब शेवटी

उसाचा हंगाम सुरू झाला की टेंभुर्णी-करमाळा रस्त्यावर रात्री गाडी चालवणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. समोरून पांढराशुभ्र झोत येतो, क्षणभर काहीच दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच पुढे बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली असू शकते. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते. डोळे दिपून तीन सेकंद गेले, तर पन्नास मीटर गाडी अंदाजानेच चालली म्हणायची.

हे झोत येतात कुठून? काही नव्या गाड्यांचे कंपनीचेच असतात. पण बरेच घरच्या अंगणात बसवलेले. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, ऑनलाईन एलईडीची जोडी मागवायची, बॉनेट उघडून जुना बल्ब काढायचा आणि नवा खोचायचा. पंधरा मिनिटांचं काम. करणाऱ्याला नुसती हौस म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे रस्त्याला दिवे नाहीत, कडेचा पांढरा पट्टा पुसलेला, साइडपट्टी खचलेली, आणि दहा-बारा वर्षांच्या गाडीचा उजेड कंदिलासारखा. अडचण खरी आहे. उपाय चुकतोय.

बऱ्याच जुन्या गाड्यांत एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो, फुलला ६० वॅट आणि डिपरला ५५ वॅट. त्यात दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्याकडे वळतो. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा धरून बनवलेला. एलईडी बल्बमध्ये तार नसते, पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप असतात. उजेड निघायची जागा थोडी जरी सरकली तरी त्याची वरची कड फाटते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. तुम्ही डिपर मारला तरी त्याला फुलच वाटतो. मग तोही चिडून फुल मारतो, आणि पुढच्या आठवड्यात एलईडी मागवतो. ही शर्यत अशीच वाढत चालली आहे. कंपनीतूनच एलईडी असलेल्या गाडीचं वेगळं, तिथे दिवाच त्या चिपसाठी बनवलेला असतो.

बसवणारा म्हणतो, “मला तर लख्ख दिसतंय.” दिसतं, पण जवळचं. बोनेटपुढचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. ट्रॉली लांबच असते.

मग जुन्या गाडीचा उजेड कमी का? पहिलं कारण काच. आताच्या हेडलाईटची काच प्लॅस्टिकची असते. उन्हाने तिचा वरचा थर जातो आणि ती पिवळी पडते. टूथपेस्ट लावून चमकते खरी, पण ते चार दिवसांचं. नीट करायचं तर पाणी मारत हजार नंबरचा वॉटर पेपर, मग दोन हजारचा, मग रबिंग कंपाउंड आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा क्लिअर कोट. तो शेवटचा हात दिला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीला खरी काच असते, ती पिवळी पडत नाही. तिथे आतल्या रिफ्लेक्टरची चांदी उडालेली असते. मग पूर्ण दिवाच बदलायचा.

दुसरं कारण वायरिंग, आणि याच्याकडे कुणी बघतच नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण चौदा व्होल्ट मिळतात. तेच मल्टिमीटर दिवा लावून बल्बच्या होल्डरवर धरा. तिथे बारा किंवा त्याखाली आकडा आला तर उजेड वायरीतच मुरतोय. हॅलोजनचं गणित असं, की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. गंजलेली अर्थिंग घासून घट्ट केली, रिले टाकून बॅटरीवरून जाड वायर आणली, की तोच ५५ वॅटचा बल्ब वेगळा वाटतो. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे एका दुपारी करतो.

याउलट काही जण १००/९० वॅटचा हॅलोजन टाकतात. साठ वॅटला पाच अँपिअर लागतात, शंभरला आठच्या वर. वायर आणि होल्डर त्या हिशोबाचे नसतात. होल्डर वितळतो, कधी वायरिंग पेटतं. आणि मूळ वायर कापलेली दिसली की वॉरंटीत, कधी विम्यातही, वाद घालायला समोरच्याला आयतं कारण मिळतं.

तिसरं म्हणजे लेव्हल. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली हवी. डावीकडे कड थोडी वर चढलेली दिसेल. ती चूक नाही, कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून ती तशी असते. परदेशातल्या उजव्या बाजूने चालणाऱ्या गाड्यांचा दिवा स्वस्तात मिळाला म्हणून बसवला, तर हीच कड उजवीकडे चढते, म्हणजे थेट समोरच्याच्या तोंडावर. डिकीत खताची पोती असली की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ शून्य ते तीनचं बटण असतं. ते कशाला आहे हे गाडी विकताना कुणी सांगत नाही.

कायदा तर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो, की आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिवा दिपवता कामा नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात सांगितलं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल होईल अशी फेरफार चालणार नाही. त्याच वर्षी सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पण तपासणार कोण? टेम्पो-ट्रकला फिटनेससाठी आरटीओसमोर उभं राहावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, तोवर तिचा हेडलाईट सरकारी नजरेखाली यायची सक्तीच नाही. दंड बसला तरी तो मालकाला. बल्ब विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत राहतं.

ट्रॅक्टरचं आणखी वेगळं. रात्रीच्या नांगरटीला टपावर आणि मागे लावलेला एलईडी बार शेतात कामाचाच आहे. तो रस्त्यावर येताना बंद करायचा राहतो. मागून येणाऱ्याला लाल दिवा दिसण्याऐवजी पांढरा झोत दिसतो आणि समोरून गाडी येतेय असं वाटून तो डावीकडे ओढतो, तिथे पायी चालणारी माणसं असतात. या बारला वेगळा स्विच टाकायला फारसा खर्च नाही.

रस्त्यावर प्रत्येक गाडी अडवणं पोलिसांना जमणारं नाही. पण हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच. वाहतुकीचे करार कारखानाच करतो, काट्यावर माणूसही कारखान्याचाच असतो. वजन होईपर्यंत ट्रॅक्टरचा डिपर, मागचा बार आणि ट्रॉलीचे रिफ्लेक्टर बघायला त्याला एक मिनिट पुरेल. पुढच्या हंगामाच्या करारात ही एक ओळ घाला, अशी मागणी सभासदांनी वार्षिक सभेत करायला हरकत नाही.