शेवटच्या पानापर्यंत

पंगतीत पुढच्या पानांवर दोनदा वाढलं आणि शेवटचं पान रिकामं राहिलं, तर आपण वाढणारीला बोलतोच ना? गाड्यांचंही तसंच आहे.

मुंबईला लेकीकडे जाते तेव्हा बघते, हार्बरची लोकल वडाळ्याला फुटते. एक फाटा पनवेलकडे, दुसरा गोरेगावकडे. वडाळ्यापर्यंत कुठलीही गाडी चालते, पुढे आपल्याच फाट्याची लागते.

आपल्या कोल्हापुरात लोकल नाही, पण गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा असे रस्ते फुटतातच. दर ५ मिनिटांनी बस सुटली आणि फाटे ३ असले, तर पाळीपाळीनं प्रत्येकाला १५ मिनिटांनी बस. एकीकडेच लागोपाठ दोन सोडल्या, की दुसरीकडची बाई खोळंबलीच!

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, छानच झालं. पण बसच बेभरवशाची असेल तर बायका तिच्या वाटेला जात नाहीत. मग ‘प्रवासीच नाहीत’ म्हणून फेरी बंद होते आणि एखादीचं कॉलेज सुटतं.

म्हणून म्हणते, फेऱ्या ठरवताना बसमधली डोकी मोजाच, पण अंधारात थांब्यावर उभी असलेलीही मोजा.