कलिंगड खाणारे आणि बघे

गेल्या शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. कुठल्याशा पार्किंगमध्ये दोघं हमरीतुमरीवर आलेले, एकाच्या हातात चप्पल. खाली ओळ : ‘काय कांड झालंय बघा!’ मिनिटभरात विचारणा सुरू : ‘फुल व्हिडिओ कुणाकडे आहे?’

कांड म्हणजे मुळात रामायणाचा भाग, बालकांडापासून उत्तरकांडापर्यंत सात. मग हत्याकांडं, जळीतकांडं झाली आणि आता चप्पल उगारली तरी कांड. इंग्रजीचं ‘गेट’ याच जातीचं. १७ जून १९७२ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत घुसलेले लोक पकडले गेले. त्यापायी १९७४च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार झाले, नावाचं शेपूट मात्र राहिलं. २०१२मध्ये कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणाला आपल्याकडे ते लागून ‘कोलगेट’ झालं, तेव्हा टूथपेस्टची फुकट जाहिरात झाली.

चिनी लोकांनी मात्र वेगळंच केलं. तिथे गाजलेलं लफडं म्हणजे ‘ग्वा’. कलिंगड, खरबूज, काकडी सगळं या एका शब्दात बसतं. लफडं चवीने बघणारे ते ‘कलिंगड खाणारी जनता’. आधी नुसत्या बिया होत्या. नेटवर वादावादी रंगली की कुणीतरी लिहायचा, ‘पहिल्या रांगेत बिया विकतोय’. आपल्याकडे तमाशाच्या तंबूबाहेर शेंगावाला बसतो, तसा. २०१६च्या सुमारास बियांचं अख्खं फळ होऊन ते सर्वांच्या तोंडी बसलं. चिनी लेखक लू शुनच्या ‘माझं गाव’ या १९२१च्या कथेत एक पोरगा चांदण्यात कलिंगडाच्या मळ्यात शिरलेल्या ‘चा’ नावाच्या जनावरावर दाताळं रोखतो. शाळेत ही कथा वाचलेली पोरं आज स्वतःलाच ‘चा’ म्हणवतात : मळ्यात टणाटण उड्या मारणारं, फळाला हपापलेलं जनावर.

मला आवडतं ते हे ‘स्वतःला’. आपल्याकडे ‘बघे’ आहेत, पण ते कायम दुसरे. ‘बघ्यांची गर्दी जमली’ असं सांगणारा स्वतः त्या गर्दीत कधीच नसतो.

तरी या फळाला एक कुजकी बाजू आहेच. जुलै २०२१मध्ये पेइचिंग पोलिसांनी क्रिस वू या गायक-नटाला ताब्यात घेतलं. पुढच्या वर्षी बलात्कार आणि आणखी एका गुन्ह्यासाठी त्याला १३ वर्षांची शिक्षा झाली. अशा वेळी चाहते म्हणतात, ‘घर कोसळलं’. बाकीच्यांसाठी ते ‘मोठं कलिंगड’. मुलींनी केलेल्या तक्रारीला गोड फळाचं नाव! चिनी शब्दाचं कौतुक करताना इथे माझी जीभ अडखळते.

तिथे आणखी एक वाक्प्रचार आहे : कलिंगड खाता खाता आपल्याच घरचं निघालं.

संध्याकाळी बी विंगमधल्या काकू ग्रुपवर आल्या. ‘चप्पलवाले आमचे जावई आहेत,’ एवढंच लिहिलं. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. रात्री पाहिलं तर सलग अकरा ठिकाणी एकच ओळ : मेसेज डिलीट केला आहे. त्यातला चौथा माझा. मी फुल व्हिडिओ मागितला होता.