तळहात पाहावा, पण भाकितासाठी नव्हे

आनुवंशिक त्वचारोगाचा माग तळहातावर लागतो का? काही रोगांत निश्चित लागतो, आणि म्हणूनच त्वचेच्या तपासणीत हात बारकाईने पाहायला हवेत. इक्थिओसिस व्हल्गॅरिसमध्ये नडग्यांवर बारीक खवले धरतात आणि तळहातावर, विशेषतः अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर, खोल रेषांचे दाट जाळे दिसते. यामागे फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष असतो, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. याच दोषामुळे एक्झिमाचाही धोका वाढतो. त्याहून ठळक उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या एका कुटुंबाचे. त्यातल्या अनेकांच्या बोटांना जन्मापासून ठसेच नव्हते आणि घामही कमी यायचा; २०११ मध्ये त्याचे कारण एका जनुकात सापडले. नेगेली-फ्रान्सेशेटी-याडासोन या दुर्मीळ विकारातही ठसे नसतात, घाम कमी येतो आणि ऊन सोसत नाही.

पण यावरून बोटांच्या ठशांतली चक्रे आणि शंख मोजून सोरायसिसचे भाकीत करता येईल, असे म्हणणे मला मान्य नाही. ठसे गर्भातच पक्के होतात, मग त्यांत आनुवंशिक रोगाची खूण का नसावी, असे कोणी विचारील. ठशांवर जनुकांचा प्रभाव असतोच, पण गर्भातल्या बोटांची वाढ आणि त्यांवरचा ताणही नक्षी घडवतो. म्हणून तर एकसारख्या जुळ्यांचेही ठसे जुळत नाहीत. रुग्णांच्या एखाद्या गटात चक्रांची सरासरी जास्त भरली, तरी तशीच चक्रे असंख्य निरोगी माणसांच्या बोटांवर असतात. एकट्या माणसाबद्दल त्यातून काहीच ठरत नाही. सुई नाही, खर्च नाही, मग पाहायला काय हरकत, हा युक्तिवादही फसवा आहे. आपल्याकडे त्वचेवरच्या साध्या डागानेही ठरत आलेले लग्न मोडते. तिथे निरोगी मुलीला केवळ नक्षीवरून ‘संभाव्य रुग्ण’ म्हणणे हा तिच्यावर अन्यायच आहे.

ठसे न उमटणे हीदेखील दरवेळी आनुवंशिक रोगाची खूण नसते. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटला नाही, तर बहुतेकदा कष्टाने, चुन्या-सिमेंटने किंवा वयाने ठसे झिजलेले असतात; कॅपेसिटाबिनसारख्या कर्करोगाच्या औषधानेही ते पुसट होतात. म्हणून डॉक्टरांनी आधी इतिहास विचारावा: हे जन्मापासूनचे आहे का, घरात आणखी कोणाला आहे का, घाम कमी येतो का. उत्तरे ‘हो’ अशी आली, तर जनुकीय तपासणीचा विचार करावा, आणि घाम न येणाऱ्या मुलाला उन्हापासून जपायला त्याच दिवशी सांगावे.